तीस टक्के

गुंड्या नऊ महिन्यांचा आहे आणि गेल्या मंगळवारी तो माझ्यावर रुसला. कागदोपत्री त्याचं नाव वेगळंच आहे. त्याचा अर्थ मला दोनदा विचारून घ्यावा लागला, म्हणून घरात गुंड्या. झालं असं, की चटईवर आम्ही समोरासमोर बसलो होतो. त्याच्या हातात वरणाचा डाव, माझ्या हातात मोबाइल. बँकेचं केवायसी चाललं होतं. ओटीपी यायचा आणि मी चष्मा शोधून तो वाचेपर्यंत त्याची मुदत संपायची. गुंड्याने डाव माझ्यापुढे धरला. मी पाहिलं नाही. त्याने तो फरशीवर आपटला. मग हसून पाहिलं. खालचे दोन दात दिसतात ते हसू, ज्यावर एरवी आमचं घर जीव ओवाळून टाकतं. मी ढिम्म. मग तो किंचाळला. मी "हो रे राजा, हो" म्हणालो, पण मोबाइलकडे बघत. शेवटी त्याने मान फिरवली, पायाचा अंगठा तोंडात घातला आणि पेन्शनीच्या रांगेत नंबर न लागलेल्या माणसासारखा खिडकीबाहेर बघत बसला. ओटीपी एकदाचा लागला. मी विजयी मुद्रेने वर पाहिलं, तर हा माझ्याकडे बघेचना.

संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घरबसल्या ट्रॉनिकचा प्रयोग केलात."

हे एडवर्ड ट्रॉनिक अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९७५च्या सुमारास केलेला प्रयोग म्हटलं तर अगदी साधा. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं. मग दोन-तीन मिनिटं चेहरा कोऱ्या पाटीसारखा ठेवायचा. हसायचं नाही, बोलायचं नाही. नंतर पुन्हा पहिल्यासारखं. त्या मधल्या दोन-तीन मिनिटांत बाळं आधी हसून बघतात, मग हात पुढे करतात, आवाज काढतात आणि सगळे उपाय थकले की तोंड फिरवतात. ट्रॉनिकसाहेबांना त्यासाठी प्रयोगशाळा आणि कॅमेरे लागले. आपल्याकडे ती सोय आता घरोघरी झाली आहे.

मी हादरलोच. नातवाच्या मनावर कायमचा ओरखडा उठला की काय, आणि तोही केवायसीपायी! माझा चेहरा बघून मुलीने पुढची गोष्ट सांगितली. याच मंडळींनी असंही मोजून पाहिलं, की ज्यांचं सगळं सुरळीत आहे अशा आई-बाळाच्या जोड्यांचासुद्धा सूर कितीसा वेळ जुळलेला असतो. उत्तर निघालं, साधारण तीस टक्के.

मी अडतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं आहे. पासाला पस्तीस लागतात हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणजे चांगल्यातली चांगली आईसुद्धा दहावीत पाच मार्कांनी गचकली! उरलेला सत्तर टक्के वेळ काय चालतं? त्याला भूक लागलेली असते, तिला वाटतं झोप आली. त्याचा खेळ संपलेला असतो, ही अजून गुदगुल्या करतेय. मग तो कुरकुरतो, ती म्हणते, "नको का? बरं, राहिलं," आणि दुसरं काही करून बघते. चुकलं, कळलं, दुरुस्त केलं, की पुन्हा चुकलं. बिघडलेलं नीट होतं, ही खात्री बाळ म्हणे या दुरुस्त्यांतूनच गोळा करत असतं. मला हे लगेच पटलं. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क देणारा मास्तर मी; बाळंही तशीच पेपर तपासतात, एवढंच नवीन होतं.

लंडनला डोनाल्ड विनिकॉट म्हणून एक बालरोगतज्ज्ञ होते, मनाचेही डॉक्टर. ते रेडिओवरून आयांशी गप्पा मारल्यासारखं बोलायचे. १९५३ साली त्यांनी 'पुरेशी चांगली' आई अशी कल्पना मांडली. पहिल्यापहिल्यांदा ती बाळाच्या जवळजवळ सगळ्या गरजा ओळखते, आणि पुढे बाळाला सोसेल तशी थोडी थोडी कमी पडत जाते. ते कमी पडणंही त्याच्या वाढीलाच लागतं. त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, की नुसतं बाळ म्हणून काही नसतंच. बाळ बघायला जावं तर त्याच्यासोबत त्याला सांभाळणारं कुणीतरी दिसतंच. हे ऐकून इंग्रज चकित झाले असतील, आपण का व्हावं? आपल्याकडे दवाखान्यातून फोन येतो तो 'बाळ-बाळंतीण सुखरूप' असाच येतो. शब्दच जोडलेला.

पण तो बारशापर्यंतच टिकतो, हे मला या वयात कळलं. गुंड्याच्या वेळी मुलगी सांगलीला, आमच्याकडे बाळंतपणाला आली होती. बघायला येणारा प्रत्येक जण पाळण्यात वाकायचा. नाक कुणाचं, कान कुणाचे, याची वाटणी व्हायची, मुठीत नोट कोंबली जायची. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेकशेगडी यात कसूर नव्हती, म्हणजे बाळंतिणीच्या कंबरेची चौकशी होती. मनाची नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी ती भिंतीकडे तोंड करून रडताना मला दिसली. मी, उभा गाढव, म्हणालो, "एवढं सोन्यासारखं बाळ आणि रडतेस काय?" हिने, म्हणजे बायकोने, माझ्याकडे असं बघितलं, की मी आपला उगाच दूध आणायला निघून गेलो. परत आलो तेव्हा मुलगी गाढ झोपली होती आणि ही गुंड्याला खांद्यावर टाकून ओसरीत येरझाऱ्या घालत होती. तीन तास घातल्या. मुलीला जाग आली तेव्हा तिने पहिल्यांदा काय मागितलं असेल? पेरू! बाळंतिणीला पेरू वर्ज्य, हा हिचा कायदा. त्या दिवशी तो मोडला गेला, अर्धी फोड का होईना.

असलं रडू बऱ्याच जणींना येतं आणि बहुधा आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. ओसरलं नाही तर मात्र लाडू वाढवून उपयोग नसतो, डॉक्टरच गाठावे लागतात. आमच्या सुदैवाने ते ओसरलं.

तान्ह्या बाळाला मन असतं, हेच मुळात आपल्या कुणाच्या गावी नसतं. पहिल्या महिन्यात गुंड्या झोपेत हसायचा, त्याचं श्रेय सटवाईला गेलं. दीड महिन्याच्या डोसाला गेलो तेव्हा आम्ही वजनाच्या काट्याकडे शेअर बाजारासारखे डोळे लावून बसलो होतो. डॉक्टरांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे बघून हसतो का?" मला वाटलं, बाई चांगल्या आहेत, गप्पा मारतायत. ती तपासणी होती! त्या सगळ्या भेटीत गुंड्याच्या मनाबद्दलचा तेवढा एकच प्रश्न, आणि मी त्यावर "आमच्याकडे सगळेच हसतमुख" असं उत्तर दिलं.

शेजारच्या काकू येता-जाता बजावायच्या, "रडला की उचलू नका हो, हाताची सवय लागेल." मी काकूंच्या बाजूचा होतो. शिस्त! पण अमेरिकेत बाल्टिमोरला सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या संशोधिकांनी घरोघरी जाऊन नोंदी केल्या आणि १९७२ साली लिहिलं, की पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लवकर ओ मिळाली ती बाळं वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. त्यावर पुढे विद्वानांचे पुष्कळ वादही झाले. आमच्या घरी वाद झाला नाही, कारण उचलणारी ही होती. सवय लागली, नाही असं नाही. पण गुंड्याला नव्हे, मला. दुपारी तो झोपला की खांदा रिकामा वाटतो.

मुलीची २६ आठवड्यांची रजा संपली तेव्हा आम्ही दोघं बाडबिस्तरा घेऊन तिच्याकडे पुण्याला आलो. सुरुवातीला ती ऑफिसला निघताना आमचा एक कट असायचा. मी गुंड्याला गॅलरीत नेऊन कबुतर दाखवायचं आणि तेवढ्यात तिने चपला हातात घेऊन पळायचं. कट आठवडाभर यशस्वी झाला. नंतर गुंड्या कबुतर दिसलं की रडायला लागला. त्याचं गणित बरोबरच होतं: कबुतर आलं की आई जाते.

शेवटी हिने फर्मान काढलं, चोरून जायचं नाही. आता मुलगी दारात उभी राहते, त्याचा गालगुच्चा घेते आणि म्हणते, "येते हं." तो रडतो, चांगला भोकाड पसरून रडतो. मीही "काही नाही झालं, ती बघ मुंगी मेली" असलं खोटं बोलायचं सोडलंय, "आई गेली ना? वाईट वाटलं ना?" म्हणतो. चार मिनिटांत डाव सापडतो. या "येते हं"चं मला हल्ली फार नवल वाटतं. आपल्याकडे निघणारा माणूस "जाते" म्हणत नाही. म्हटलं तर घरातलं मोठं माणूस टोकतं, "जाते नाही, येते म्हणावं." दार लागायच्या आत परत येणं कबूल.

सिग्मंड फ्रॉइडनाही नातू होता. दीड वर्षांचा. तो दोरा बांधलेलं रीळ पलंगाच्या कडेपलीकडे फेकायचा आणि ओढून परत आणायचा, गेलं, आलं. आई जाते आणि येते, त्याचाच तो खेळ करतोय, असं त्या आजोबांना वाटलं आणि १९२०च्या एका पुस्तकात त्यांनी ते लिहून टाकलं. आमच्याकडे रीळ नाही, दुपटं आहे. ते तोंडावर घ्यायचं, मी "गुंड्या कुठं गेला?" विचारायचं, त्याने दुपटं ओढून काढायचं आणि मी "बुवाऽऽ कूक!" करायचं. हा धंदा दिवसातून चाळीसदा चालतो.

आज सकाळीही त्याने दुपटं तोंडावर घेतलं. नेमका बँकेचा मेसेज आला: कागदपत्रं अपूर्ण. मी तो वाचत बसलो. दुपट्याखाली बराच वेळ शांतता. मग एक कोपरा उचलला गेला आणि एका डोळ्याने माझी पाहणी झाली. मला वाटलं, आता अंगठा तोंडात आणि तोंड खिडकीकडे. पण त्याने कोपरा सोडला, दुपटं नीट ओढून घेतलं आणि पुन्हा गपचूप बसला. एटीकेटी!

मी मोबाइल उपडा ठेवला.

"अगंबाई, गुंड्या कुठं गेला?"