गणपूर्तीतला पाचवा

अंगणात सुपारी वाळत घालत होतो तेव्हा फोन वाजला. आमच्या गावच्या कॉलेजातून मानसशास्त्राच्या बाई बोलत होत्या. म्हणाल्या, “काका, आमच्या एथिक्स कमिटीवर यायचंय तुम्हाला.”

मी म्हटलं, “बाई, मी पोस्टातून रिटायर झालेला माणूस. मला मानसशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणून तर!” बाईंचा आवाज एकदम खुलला. “सामान्य माणसाची जागा सहा महिने रिकामी आहे. मिळतच नाही कुणी.”

आमच्या गावात सामान्य माणूस मिळत नाही हे मात्र खरं. प्रत्येक जण कशाचा ना कशाचा अध्यक्ष आहे आणि उरलेले माजी अध्यक्ष आहेत. बाईंनी मला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांत या सामान्य माणसाच्या अटी दिल्या आहेत. तो साक्षर असावा. गेल्या पाच वर्षांत त्यानं वैद्यकीय क्षेत्रात नोकरीधंदा केलेला नसावा. स्थानिक भाषा आणि रीतीभाती त्याला ठाऊक असाव्यात. आयुष्यात प्रथमच एखाद्या जागेसाठी मी पुरेपूर पात्र ठरत होतो, तेही काहीएक न करता. शिवाय समितीत माणसं सात ते पंधरा हवीत आणि गणपूर्तीला पाच. बाईंच्या कागदावर जेमतेम सात जागा होत्या. त्यांतलं एक नाव लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलं होतं आणि एक गुडघ्याच्या ऑपरेशनला. उरली चार. पाचवा मी.

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीच्या पोरांच्या मागेही प्रोजेक्टचं लचांड लागलं आहे. मानसशास्त्राचा प्रोजेक्ट म्हणजे तो माणसांवरच करायचा. आणि माणसांवर करायचा तर आधी कुणीतरी विचारायला हवं, की बाबांनो, यात त्या माणसाचं काही वाईट तर होणार नाही ना? हे विचारायला समिती. मला कल्पना एकदम पटली, कारण माझं झालेलं होतं.

१९७९ साली हॉस्टेलवर माझा रूमपार्टनर मानसशास्त्राचा होता. त्याला प्रॅक्टिकलसाठी ‘सब्जेक्ट’ लागायचा. सब्जेक्ट म्हणजे आपल्या भाषेत बकरा. समोर आरसा, हात पडद्याआड, आणि आरशात बघत कागदावरची चांदणी पेन्सिलीनं गिरवायची. ज्यांनी हे केलं नसेल त्यांनी घरी करून बघावं. हात वर न्यायचा म्हटला की खाली जातो आणि खाली न्यायचा म्हटला की अडूनच बसतो. मी घामाघूम झालो. मोबदला एक कटिंग आणि एक खारी. पुढे एकदा त्याच्या जर्नलात डोकावलो, तर निष्कर्ष लिहिला होता : ‘सब्जेक्टची शिकण्याची गती मंद आहे.’ नाव अर्थातच गुप्त ठेवलं होतं. फक्त आद्याक्षरं, वय आणि गाव. त्या गावचा त्या कॉलेजात मी एकटाच होतो.

हल्ली सब्जेक्ट म्हणत नाहीत, पार्टिसिपंट म्हणतात. खारी तीच.

तर सभा. वेळ दुपारी दोन ते चार, प्रस्ताव एकेचाळीस. मी पोस्टातला माणूस, हिशेब आपोआप होतो. एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नव्हती, आणि त्यातून बटाटेवडे वजा व्हायचे होते. अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा असा नियम आहे. आमचे अध्यक्ष शेजारच्या तालुक्यातून आले होते, वनस्पतिशास्त्रातून निवृत्त. “पस्तीस वर्षं संशोधन केलं, एका रोपट्याची तक्रार नाही,” अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. कायदेतज्ज्ञ म्हणून एक वकील होते, सातबारा आणि वारसनोंदीत ज्यांचा हात कुणी धरणार नाही असे. समाजशास्त्राचे सर होते, ते नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलसाठी सभेचे जिओटॅगवाले फोटो काढत होते. आणि सदस्य-सचिव बाई.

पहिल्याच प्रस्तावाला जोडलेलं संमतिपत्र माझ्या हातात आलं. त्यात वाक्य होतं : ‘आपण कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता. त्यामुळे आपले कोणतेही नुकसान होणार नाही.’ मी ते तीनदा वाचलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्याहून जुन्या संसारात असं मला कुणी लिहून दिलेलं नाही.

वकीलसाहेबांचं मात्र समाधान होईना. “हे साध्या कागदावर? उद्या पार्टी उलटली तर? स्टँप पेपर हवा.”

“शंभराचा?” अध्यक्षांनी विचारलं.

“शंभराचा गेला आता. पाचशेचा. शिवाय दोन साक्षीदार आणि आधारची झेरॉक्स.”

बाई हळूच म्हणाल्या, “सर, प्रश्नावली निनावी आहे.”

“असू दे की निनावी. आधार मागे टाचायचं.”

मग ‘किमान जोखीम’ आली. रोजच्या जगण्यात असते त्याहून जास्त जोखीम नसली की ती किमान, असं बाईंनी समजावलं. रोजचं जगणं कुणाचं, ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. जो पोरगा गेली तीन वर्षं मुंबई–गोवा महामार्गावरून टू-व्हीलरनं कॉलेजला येतो, त्याला तुम्ही प्रयोगात विजेचे झटके दिलेत तरी ते किमानच भरतील.

खरा वेळ खाल्ला तो स्मरणशक्तीच्या प्रयोगानं. यात मुलांना अर्थ नसलेले शब्द पाठ करायला द्यायचे आणि किती लक्षात राहतात ते मोजायचं. ही युक्ती एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाची, त्याचं पुस्तक १८८५ सालचं. या पठ्ठ्यानं दोन हजारांवर निरर्थक अक्षरगट बनवले आणि वर्षानुवर्षं स्वतःच पाठ करत बसला. बकराही तोच आणि प्रयोगवालाही तोच. त्याला खारीचाही खर्च आला नाही.

आमच्या विद्यार्थ्यानं मराठीत तेरा शब्द बनवले होते. ते निरर्थक आहेत याची खात्री समितीनं करून घेतली पाहिजे, असं अध्यक्षांनी ठरवलं आणि एकेक शब्द खड्या आवाजात वाचायला घेतला. चौथा शब्द एका देवस्थानाच्या नावाजवळ जातो, भावना दुखावतील, असं वकीलसाहेब म्हणाले. वगळला. सातवा ऐकून समाजशास्त्राच्या सरांना एका पक्षाची आठवण झाली. वगळला. अकरावा वाचला आणि मला ठसका लागला. स्थानिक भाषा ठाऊक असलेला माणूस समितीवर कशाला घेतात ते मला त्या क्षणी उमगलं. मालवणीत त्या शब्दाला अर्थ होता, आणि तो बाईंसमोर सांगण्यासारखा नव्हता. मी उठून अध्यक्षांच्या कानात सांगितला. अध्यक्षांनी तो आपल्या डायरीत टिपून घेतला, कशासाठी ते त्यांनाच माहीत. तेराचे दहा उरले. बाईंनी इतिवृत्तात लिहिलं : ‘उर्वरित शब्द निरर्थक असल्याची समितीने खात्री केली.’

वडे आले. बाईंना वाटलं असावं, की निदान तोंडं भरलेली आहेत तोवर मुद्द्याचं काही बोलून घ्यावं. त्यांनी स्टॅनफर्डची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १९७१. फिलिप झिम्बार्डो या प्राध्यापकानं विद्यापीठाच्या तळघरात खोटा तुरुंग मांडला. दिवसाला पंधरा डॉलर देऊन तरुण मुलं आणली. नाणं उडवून काहींना कैदी केलं, काहींना पहारेकरी. बेत दोन आठवड्यांचा होता, पण पहारेकऱ्यांनी कैद्यांचे असे काही हाल केले की सहाव्या दिवशी सगळं गुंडाळावं लागलं.

“आणि याला विद्यापीठाच्या समितीची रीतसर मंजुरी होती,” बाई म्हणाल्या. “समितीला काळजी कसली वाटली, तर आगीची. म्हणून त्यांनी तिथे अग्निशामक नळकांडी ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी कैद्यांनी बंड केलं तेव्हा पहारेकऱ्यांनी तीच नळकांडी उचलली आणि त्यांतला गारठवणारा वायू कैद्यांवर सोडला.”

खोलीत शांतता पसरली. अध्यक्षांनी वडा बशीत परत ठेवला. आता काहीतरी घडणार असं मला वाटलं.

“बरोबर आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. “आपल्याकडे आहे का नळकांडं?”

शिपाईदादांना पाठवलं. प्राचार्यांच्या दालनाबाहेर एक निघालं. त्याची मुदत २०१९ साली संपलेली होती आणि त्याला कुणीतरी छत्री अडकवली होती. नवं घ्यावं, तीन दरपत्रकं मागवावीत, असा ठराव झाला. सूचक वकीलसाहेब, अनुमोदक समाजशास्त्राचे सर. वसतिगृहातल्या मुलींच्या एकटेपणावरचा प्रस्ताव ‘अग्निशामक उपलब्ध होण्याच्या अधीन राहून’ मंजूर झाला. बाई टेबलाकडे बघत बसल्या.

चारला दहा कमी. अठरा प्रस्ताव बाकी. एकगठ्ठा मंजूर करून टाकावेत अशी सूचना आली, आणि खरं सांगायचं तर मीही हात वर करणार होतो. पण बाकीचे समास, पानांचे आकडे आणि गाइडची सही तपासत होते तेवढ्या वेळात मी नुसता प्रश्नावल्या वाचत बसलो होतो. एकतीस वर्षं लोकांची पोस्टकार्डं न वाचता वाटली (असं मी सगळ्यांना सांगतो), त्यामुळे दुसऱ्याचं वाचायची परवानगी मिळाली की माझ्यानं राहवत नाही.

एका मुलीचा विषय होता ‘मोबाईलचा वापर आणि नैराश्य’. गूगल फॉर्म, दोनशे विद्यार्थी. त्यात नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची पट्टी होती. पीएचक्यू-९ म्हणतात तिला, जगभर वापरतात आणि फुकट मिळते. झोप, भूक, थकवा असं विचारत विचारत ती नवव्या प्रश्नाला येते. गेल्या दोन आठवड्यांत मरून गेलेलं बरं असं वाटलं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं का? उत्तरं चार, ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत.

मुलीला आत बोलावलं. वीसेक वर्षांची, छातीशी फाइल धरलेली.

मी विचारलं, “बाय, याला कुणी ‘जवळजवळ रोज’ म्हणालं तर?”

“तर तीन मार्क धरायचे, काका.”

“बरं. मग?”

“मग टोटल करायची.”

बाई पुढे वाकल्या. “रात्री उत्तरं उघडलीस आणि असं दिसलं, तर तू कुणाला फोन करशील?”

“कुणाला करणार, मॅडम? नावच नाहीये. निनावी ठेवा असं तुम्हीच सांगितलंत.”

“आधार टाचा म्हटलं होतं मी,” वकीलसाहेब म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मला त्यांच्यावर हसता आलं नाही.

बाईंनी सुचवलं, की फॉर्मच्या वर आणि खाली टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर टाकू, १४४१६. कॉलेजच्या समुपदेशकांनाही सांगून ठेवू. समुपदेशन कक्ष आहे का, असं मी विचारलं. आहे, नॅकच्या वेळी उघडला होता. त्यावर समाजशास्त्राच्या सरांनी मोबाईलमधून मान वर केली. “मॅडम, ही पट्टी आठ प्रश्नांचीपण मिळते ना? नववा सोडून?”

“मिळते,” बाई नाइलाजानं म्हणाल्या.

अध्यक्षांचा चेहरा असा उजळला की बस्स. नववा प्रश्न काढायचं ठरलं. इतिवृत्तासाठी त्यांनी स्वतः मजकूर सांगितला : ‘आक्षेपार्ह प्रश्न वगळण्यात आला. जोखीम – निरंक.’

मी म्हटलं, “आणि ज्याच्या मनात येतं तो पोरगा?”

“तो आता या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही,” अध्यक्ष म्हणाले. उरलेले सतरा एकगठ्ठा मंजूर झाले.

चप्पल घालायला बाहेर आलो, तर मुलगी व्हरांड्यात उभी.

“काका, नववा प्रश्न एक्सेलमधूनच डिलीट केला तर चालेल ना?”

“एक्सेलमधून?”

“डेटा दिवाळीतच घेतलाय. सबमिशन पंधरा तारखेला आहे आणि कमिटी आज बसली. एकशे अठ्ठ्याऐंशी फॉर्म आलेत.”

जानेवारी संपत आला होता. मी विचारलं, “त्यात तीन मार्कवाले किती?”

तिनं मोबाईल काढला. अंगठ्यानं रकाना वर सरकवत गेली आणि एका जागी थांबली.

“चार,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, “यातला एक, मी लिंक हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकल्या टाकल्या आलेला आहे.”

आम्ही दोघं तसेच परत आत गेलो. आत सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते आणि शिपाईदादा मोबाईल धरून त्यांना जवळ सरकायला सांगत होते.

“या, या,” अध्यक्षांनी मला हात केला. “पाचवा माणूस दिसायलाच हवा फोटोत.”