पक्क्या लायसन्सचे पेढे

ए विंगमधील आदरणीय पालक महोदय,



आपल्या चिरंजिवांना चारचाकीचं पक्कं लायसन्स मिळाल्याचे पेढे काल पोचले. आनंद झाला. आमच्या मजल्यावरच्या एक-दोघांना मात्र कळेना, की मग गेली दोन वर्षं बेसमेंटमधून आपली गाडी सुसाट बाहेर काढायचा तो कोण. मी त्यांना सांगितलं, तो हाच. साध्या माणसांची मुलं आधी लायसन्स काढतात आणि मग गाडी चालवतात. आपल्या घराण्याला तेवढी सवड नसते.

लोक याला घाई म्हणतात, मी दूरदृष्टी म्हणतो. सोळाव्या वर्षी कायदा फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स देतो, आणि तसली दुचाकी आता शोरूममध्ये शोधूनही सापडत नाही. मग पोराने करावं काय? आपण पंधराव्या वाढदिवसालाच त्याला 110 सीसीची ॲक्टिव्हा दिलीत आणि कायद्यातली उणीव स्वखर्चाने भरून काढलीत. हेल्मेट तो कधीच विसरला नाही. नेहमी आरशाला अडकवलेलं असायचं.

लर्निंगच्या परीक्षेबद्दल वहिनींचं वेगळं अभिनंदन. ही परीक्षा आता आधार कार्डावर घरबसल्या देता येते, आणि उत्तर कोणाच्या तोंडून आलं हे संगणकाला ऐकू येत नाही. नो एंट्रीची खूण वहिनींनी बरोबर ओळखली म्हणे. चिरंजिवांना ती अजून ओळखता येत नाही, हे समोरच्या गल्लीत रोज संध्याकाळी दिसतं. असो, घरात एकाला येतंय ना, पुष्कळ झालं.

आपल्या सामाजिक जाणिवेचे तर आम्ही ऋणीच आहोत. 19 मे 2024 च्या पहाटे आपल्याच पुण्यात, कल्याणीनगरला, सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात जळजळीत पोस्ट आपली होती. तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन देणाऱ्यांना आपण धारेवर धरलंत. कोटीच्या वरच्या त्या गाडीची नोंदणी 1,758 रुपये न भरल्यामुळे अडली होती, हेही आम्हाला आपल्याकडूनच कळलं. ‘अशा बापांना आधी आत टाका’ हे आपलं वाक्य मी जपून ठेवलं आहे. आपण ते टाइप करत होता तेव्हा चिरंजीव ॲक्टिव्हावरून आपल्यासाठी दूध आणायला गेले होते.

पण आपल्याकडून मिळालेला खरा मंत्र तीन शब्दांचा: इन्शुरन्स आहे ना. पार्किंगमध्ये तळमजल्यावरच्या आजोबांच्या गाडीचा दरवाजा चेपला, तेव्हा आपण हेच म्हणालात. गेटचा आडवा दांडा मोडला, तेव्हाही हेच. वॉचमन थोडक्यात वाचला, तेव्हा तर आपण त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात.

विमा कंपन्याही आपल्यासारख्याच उदार. अमेरिकेत घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाचं नाव पॉलिसीत घातलं की हप्ता टुणकन उडी मारतो. न्यू जर्सीला राहणारे आमचे मेव्हणे लेकाला किल्ली देण्याआधी महिनाभर गणित करत बसले होते. आपल्याकडे कंपनी गाडीचं इंजिन विचारते, मुलाचं वय विचारत नाही. 1000 ते 1500 सीसीच्या मोटारीचा थर्ड पार्टीचा हप्ता 2022 साली ठरलेल्या दराने वर्षाला 3,416 रुपये. स्टिअरिंगवर एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर असो की बारावीचा क्लास बुडवून निघालेला बाळराजा, आकडा तोच. एवढ्या स्वस्तात बापाची जबाबदारी उतरत असेल, तर आपण ती अंगावर का ठेवावी?

मग इस्त्रीवाल्या मामांची पाळी आली. चार महिन्यांपूर्वी गेटजवळ रिव्हर्स घेताना चिरंजिवांनी मामांचं टेबल, पेटलेली इस्त्री, आमचे दोन शर्ट आणि मामांचं उजवं मनगट असं सगळं एका दमात आडवं केलं. त्या वेळी ते सतरा वर्षांचे होते. आपण परगावी असूनही फोनवरून जी धावपळ केलीत, तिला तोड नाही. मामांना दवाखान्यात नेलं गेलं आणि ‘बाथरूममध्ये घसरलो’ असं सांगायला शिकवलं गेलं. गाडीने उडवलं असं ते म्हणाले असते, तर मेडिको-लीगल केस झाली असती, पोलीस आले असते, पंचनामा झाला असता आणि गरीब माणसाला उगाच चौकीच्या चकरा पडल्या असत्या. केवढी ही माया! वर पाच हजार रुपयेही दिलेत. मनगटात प्लेट बसवायला त्याच्या कैकपट लागले, ते मामांनी गावच्या सावकाराकडून उचलले. उजवा हात अजून मुठीत वळत नाही. आपले शर्ट सध्या त्यांची बायको करते, आणि कडक घड्या येत नाहीत अशी आपली तक्रार असल्याचं ऐकतो.

गाडीच्या बंपरसाठी आपण क्लेम केलात. चालक कोण होता, या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलंत, हे आपणच गणपतीच्या मंडपात हसत हसत सांगितलंत. लेकराचा दोष बापाने असा अंगावर घ्यावा, याला वात्सल्य म्हणतात. बारीकशी अडचण एकच, की त्या दुपारी आपण चारमिनारसमोरचा हसरा फोटो स्टेटसला ठेवला होता. हैदराबादेत बसून पुण्यात गाडी रिव्हर्स घेणारा चालक विमा कंपनीने याआधी पाहिला नसावा.

आता लहान तोंडी मोठा घास घेतो. थर्ड पार्टीचा विमा आपल्या सोयीसाठी नसतो, तो मामांसाठी असतो. चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसलं, तरी जखमी माणसाने रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून न्यायालयं कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात. त्यानंतर कंपनी गाडीमालकाकडे वळते. बिनलायसन्सच्या पोराच्या हाती गाडी देण्यात मालकाची हयगय होती हे तिने दाखवलं, की दिलेले पैसे ती मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली स्वर्णसिंग खटल्यात ही वाट नीट आखून दिली, आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करायची सोयही ठेवली. म्हणजे आपला मंत्र अर्धा खरा आहे. इन्शुरन्स आहेच. फक्त बिल फिरून आपल्या दारात येतं.

‘मला न विचारता किल्ली नेली’ हा बचाव आपण राखून ठेवला असेल, तर 2011 चा एक निकाल सवडीने वाचावा. नात्यातल्या अल्पवयीन मुलाने मोटारसायकल अशीच परस्पर नेली होती. गाडीचा गैरवापर होऊ न देणं ही मालकाचीच जबाबदारी, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि भुर्दंड मालकावरच राहिला.

शिवाय 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199 ए हे कलम आलं आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. हिशेबाने हे पेढे आम्हाला सात वर्षांनी मिळायचे. मामांच्या बाथरूममुळे आत्ताच मिळाले.

आपली कन्या आता पंधराची झाली आणि ॲक्टिव्हा तिच्याकडे आली, हेही पाहतो आहे. आपली परंपरा खंडित होणार नाही.

एक विनंती करून थांबतो. मामांच्या ऑपरेशनचं बिल, सावकाराचं व्याज आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. तो आपण आपणहून चुकता करावा. गेटवरच्या कॅमेऱ्याचं त्या दुपारचं फुटेज सेक्रेटरींनी तेव्हाच पेनड्राइव्हवर काढून ठेवलं आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, आणि त्यातले दोन महिने अजून शिल्लक आहेत. मामांना वकील मिळाला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
बी विंगमधील एक शेजारी