रिफ्रेश मारून बघा

राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ मारला की लॅपटॉप पळायला लागतो, असं मानणाऱ्यांची मोजदाद करायची तर जनगणनेत वेगळा रकाना काढावा लागेल. वास्तविक त्या रिफ्रेशने एवढंच होतं, की डेस्कटॉपवरची चित्रं विंडोज पुन्हा एकदा मांडून दाखवतं. वेगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण हे आमच्या शेजारच्या काकांना सांगून बघा. बँकेत संगणक आले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी रिफ्रेश मारल्याशिवाय एक व्हाउचर पुढे सरकवलं नाही. ‘‘एकदा तरी बंद पडला का?’’ असं ते विचारतात. यावर काय बोलणार!

आमचा लॅपटॉप २०२० सालचा. टाळेबंदीत मुलीची शाळा घरात आली, तिच्यामागोमाग हा आला. ४ जीबी रॅम, दोन कोअरचा सेलेरॉन आणि १ टीबीची हार्ड डिस्क. रॅम आणि सेलेरॉन हे शब्द विक्रेत्याने तोंडातल्या तोंडात उरकले आणि ‘एक टीबी’ मात्र असा काही उच्चारला, की जणू सातबाराच आपल्या नावावर होतोय. ‘‘साहेब, आयुष्यभर भरायची नाही.’’ माणूस शब्दाचा पक्का निघाला. ती भरायला आधी लॅपटॉप सुरू व्हावा लागतो.

सकाळी बटण दाबायचं आणि कुकर लावायचा, अशी आमच्याकडे पद्धत पडली. बायको शिट्ट्या मोजते, मी पडद्यावर गोल फिरणारे ठिपके बघतो. वरण-भात आधी होतो. पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप दिसतो खरा, पण तो नुसता दर्शनी भाग. क्लिक केलं की आतून ‘कुर्र कुर्र’ असा आवाज येतो, बाजूचा दिवा लुकलुकतो आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. अधीर माणूस पुन्हा क्लिक करतो, पुन्हा करतो. शेवटी ब्राउजरच्या तीन खिडक्या एकदम उघडतात आणि बंद होण्यासाठी पुन्हा रांगेत उभ्या राहतात.

यावर इलाज सांगायला माणसं कमी नव्हती, आणि सगळे इलाज फुकटचे होते. मेहुण्याने ‘परसेंट टेंप परसेंट’ नावाचा मंत्र दिला. रनच्या चौकोनात तो लिहायचा, येतील त्या फायली बिनदिक्कत पुसायच्या. पुसल्या. जागा मोकळी झाली, पण १ टीबीतलं नव्वद टक्के आधीच मोकळं होतं. ओसाड माळावरचं गवत उपटल्याने गावातली वाहतूक सुटत नाही. भाच्याने सफाईचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं. त्याने रजिस्ट्रीत हजारभर चुका शोधून लाल अक्षरांत दाखवल्या आणि दुरुस्तीचे मात्र पैसे मागितले. रजिस्ट्री झाडणाऱ्या असल्या सॉफ्टवेअरना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टचंच म्हणणं आहे. ते सॉफ्टवेअर काढायला एक अख्खी दुपार गेली.

काकांना डीफ्रॅगचा, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फायली सलग लावून घेण्याचा, फार लळा. विंडोज एक्सपीच्या काळात ते चालू केलं की लाल-निळ्या पट्ट्या सरकताना दिसायच्या. विखुरलेल्या फायली लाल, सलग निळ्या. लाल कमी होत गेलं की बघणाऱ्याला स्वतःच्याच आयुष्याला शिस्त लागल्यासारखं वाटे. आता विंडोज हे काम अधूनमधून आपलं आपणच करून टाकतं. पट्ट्याही गेल्या. काकांना त्याचं फार वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

फुकटातला एक इलाज मात्र चांगला निघाला. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ नावाचा कप्पा असतो. लॅपटॉप सुरू होताना त्याच्यासोबत कोणकोण उठून बसतं, त्याची यादी तिथे मिळते. आमच्या यादीत गाणी ऐकवणारं होतं, मीटिंग भरवणारी दोन होती, मुदत संपलेलं अँटिव्हायरस होतं (ते रोज फक्त ‘तुम्ही धोक्यात आहात’ एवढं सांगायला उठायचं), आणि एका प्रिंटरचं सॉफ्टवेअर होतं. तो प्रिंटर आम्ही कधीच भंगारात दिला होता. त्याचा हा कारभारी मात्र रोज सकाळी हजर राहून मालकाची वाट बघायचा. एकेकाला ‘डिसेबल’ केलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपने कुकरला एका शिट्टीने गाठलं.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये खरा आरोपीही सापडला. प्रोसेसर वीस टक्क्यांवर निवांत बसलेला, आणि ‘डिस्क’समोर लालभडक १०० टक्के. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. हे ऐकायला झकास वाटतं. पण हवी ती फाईल वाचायला तिच्या दांडीला आधी जागेवर सरकावं लागतं, मग तबकडीचा तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत थांबावं लागतं. अशा विखुरलेल्या जागा ती सेकंदाला शंभरएक वाचू शकते. विंडोजला उठताना लागतात हजारो. वर ४ जीबी रॅम भरली, की उरलेला पसारा विंडोज याच डिस्कवर आणून टाकतं. म्हणजे जी बाई आधीच दमली आहे तिच्याच अंगावर पाहुणे. रिफ्रेशने तिचं काय होणार?

‘‘मग डिस्क बदला की,’’ बायको म्हणाली. इतके दिवस सगळ्या घराने हाच एक इलाज टाळला होता, कारण त्याला पैसे पडतात.

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने दुकान विचारलंत तर दुकानदारही बुचकळ्यात पडेल. काउंटरवरच्या पोराने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, प्लास्टिकच्या पट्टीने झाकण उचकटलं आणि पंख्याच्या जाळीतून करड्या धुळीचा एक नमदा सलग ओढून काढला. तो त्याने मला दाखवला. शाळेत दुसऱ्याच्या मुलाची वही बघावी तसा मी तो बघितला. मग २५६ जीबीची एसएसडी बसवली. हिच्यात ना तबकडी, ना दांडी. फिरायचं काही नाहीच, त्यामुळे थांबायचंही नाही. जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवून दिलं. सगळे मिळून दोन-अडीच हजार. ‘‘हिला डीफ्रॅग करू नका हां,’’ पोरगं म्हणालं. मी काकांचा निरोप्या असल्यासारखं.

घरी बटण दाबलं. बायकोने कुकरचं झाकणही लावलं नव्हतं.

पुढचे काही दिवस मजेत गेले. काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी तरीही दोनदा रिफ्रेश मारला आणि ‘‘आता बघा कसा पळतोय,’’ म्हणून गेले. पण ही मजा टिकणारी नव्हती. १९९५ साली निकलॉस विर्थ या स्विस संगणकतज्ज्ञाने लिहून ठेवलं, की यंत्रं ज्या गतीने जलद होतात त्याहून अधिक गतीने सॉफ्टवेअर मंद होत जातं. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ला किमान ४ एमबी रॅम पुरायची. विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते. हजारपट वाढली, आणि ठिपके फिरतायतच. विर्थसाहेबांनी सॉफ्टवेअरचं सांगितलं, घरातल्या माणसांचं नाही. लॅपटॉप पळतोय म्हटल्यावर मुलीने ब्राउजरमध्ये इतके टॅब उघडले, की त्यांची नावं जाऊन नुसते ठिपके उरले. बायको त्यात मालिका लावते, मी एक्सेल. काल टास्क मॅनेजर उघडला. डिस्क चार टक्के. रॅम ९३.

लॅमिंग्टन रोडच्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, साहेब. मी तेव्हाच बघितला होता.’’