किती मूर्ती?

रात्री दोन वाजता आमच्या दिवाणखान्यातून "पर्सोना!" अशी किंकाळी आली आणि ही ताडकन उठून बसली. ही म्हणजे भाच्याची मामी. तिनं दिवा लावला, देवघरातली अंगाऱ्याची पुडी उचलली आणि मला पुढं घातलं. (भुताखेताच्या प्रसंगी नवऱ्याला पुढं घालायचं, ही आमच्या घरातली जुनी रीत.) पाहतो तर पाडव्यासाठी पुण्याहून आलेला भाचा टीव्हीपुढं मांडी ठोकून बसलेला. टीव्हीवर शाळकरी वयाचा, कुरळ्या केसांचा एक पोरगा चेहऱ्यावरचा मुखवटा दोन्ही हातांनी ओरबाडत होता. गालांवरून रक्ताचे ओघळ. मुखवटा एकदाचा निघाला, निळ्या ज्वाळा उठल्या आणि पोराच्या पाठीशी उंच टोपीचा, काळ्या पंखांचा एक इसम उभा राहिला.

"अंगात आलंय," ही म्हणाली.

"कुणाच्या? माझ्या की त्याच्या?" भाच्यानं मान न वळवता विचारलं.

"दोघांच्या." तिनं आधी भाच्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि मग, कसर नको म्हणून, टीव्हीलाही. तो डाग अजून आहे.

सकाळी पोहे-जिलेबीवर मी भाच्याकडून सगळं समजून घेतलं. निवृत्त माणसाला समजून घ्यायला वेळ फार. पर्सोना हा लॅटिन शब्द, मूळ अर्थ नाटकातला मुखवटा. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी तो उचलला: माणूस चारचौघांत जो चेहरा लावून वावरतो तो पर्सोना, आणि मागं अंधारात ढकलून दिलेलं जे काही असतं ती सावली. हे युंगसाहेब भारतातही येऊन गेले. १९३८च्या सुरुवातीला सायन्स काँग्रेससाठी ते कलकत्त्यात होते आणि तिथं आमांशानं दवाखान्यात पडून राहिले. अंतर्मनाचा एवढा मोठा अभ्यासक, पण इथं आल्यावर आपल्या पाण्यानं त्यांना आणखी खालच्या मजल्याची ओळख करून दिली.

तर जपानच्या अ‍ॅटलस कंपनीनं युंगसाहेबांचा हा मुखवटा घेऊन १९९६ साली खेळ काढला. रात्रीचा तो पाचवा, जपानात २०१६ साली आलेला. त्यातल्या पोराचं टोपणनाव जोकर आणि त्याच्या आतून निघालेला उंच टोपीवाला म्हणजे आर्सेन ल्युपाँ. मॉरिस लब्लाँ या फ्रेंच लेखकानं १९०५ साली जन्माला घातलेला सभ्य दरोडेखोर. जोकरच्या दोस्तांच्या आत कोण, तर एकाच्या कॅप्टन किड, समुद्री चाचा. एकाच्या झोरो. एकाच्या इशिकावा गोएमोन, ज्याला १५९४ साली क्योटोत उकळत्या कढईत टाकलं होतं.

"म्हणजे सगळ्यांच्या आत चोरच?"

"बंडखोर, मामा. आपण दाबून ठेवलेला बंडखोर."

आमच्या लहानपणी कीर्तनकार सांगायचे की प्रत्येकाच्या देहात आत्माराम बसलाय. तो बसलेला असे. टोपी घालून असा मागं उभा राहत नसे.

पुढची माहिती हिला जास्त झोंबली. या खेळात आपले देवही आहेत: गणपती, लक्ष्मी, काली, पार्वती, विष्णू. जोकर असे बारा जण एका वेळी आत बाळगू शकतो. दोन पर्सोना एकत्र केले की तिसरा तयार होतो आणि एकत्र करायची रीत म्हणजे दोघांना गिलोटिनखाली द्यायचं. शंकर हवा असेल तर रांगडा आणि बरोंग यांची मुंडकी उडवायची. रांगडा ऐकून मला वाटलं हा आमच्या माळव्यातलाच कुणी गडी असणार, इथल्या एका बोलीला रांगडीच म्हणतात. पण ती निघाली बाली बेटावरची लोंबत्या जिभेची राक्षसीण, आणि बरोंग तिचा जन्माचा वैरी. दोघंही तिकडं मुखवटे लावूनच नाचवतात.

"महादेव स्वयंभू आहेत," ही म्हणाली. "त्यांना आईबाप चिकटवायची ही कसली अवदसा? आणि तीही एकमेकांशी न पटणारी?"

"मामी, एकदा केलेला देव पुन्हा बोलवायचा तर पैसे पडतात."

"ते पडू देत. विशेष दर्शनाची पावती आपल्याकडंही फाडतात."

मी म्हटलं, बाबा रे, पुण्यात राहून जपान्यांकडून शंकर कशाला मागवतोस? तिथं कुणी काही करत नाही का? तेव्हा त्यानं 'राजी' दाखवला. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्याच मंडळींनी २०२० साली काढलेला खेळ. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या बक्षिसासाठी त्याचं नाव होतं. राजी ही सर्कशीतली मुलगी, महाबलासुराच्या राक्षसांनी तिचा धाकटा भाऊ गोलू पळवलेला आणि तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ. मारामारी मला कळली नाही. मधेमधे मात्र गोल चक्रासारखं एक चित्र येतं, त्याचे विस्कटलेले तुकडे फिरवून जुळवायचे, आणि जुळलं की राजीच्या लहानपणातलं, भावासोबतचं काहीतरी उमटतं. या पोरीच्या आत ना दरोडेखोर, ना देव. आत भाऊ. हिनं डोळ्यांना पदर लावला आणि मग भाच्याला विचारलं की आईला शेवटचा फोन कधी केला होतास.

पण माझं डोकं पाचव्याच्या आदल्या खेळात अडकलं होतं, चौथ्या पर्सोनात, २००८च्या. त्यात माणसापुढं त्याचीच सावली येऊन उभी राहते आणि त्यानं जन्मभर लपवलेलं सगळं सर्वांदेखत ओकते. माणूस घाबरून म्हणतो, तू म्हणजे मी नाही. की ती सावली फुगून राक्षस होते. उलट त्यानं कबूल केलं की हो बाबा, तू मीच, तर ती शांत होते आणि त्याचा पर्सोना बनून त्याच्या बाजूनं लढते. जपान्यांना कुणीतरी कळवायला हवं होतं की आचार्य अत्र्यांनी 'तो मी नव्हेच' १९६२ सालीच रंगमंचावर आणलं. प्रभाकर पणशीकर त्यात एका लखोबाची पाच सोंगं वठवायचे, तीही फिरत्या रंगमंचावर, गिलोटिनशिवाय.

आम्हा देवासकरांना तर दोन-दोन चेहऱ्यांचं अप्रूप नाहीच. एकाच गावात दोन पवार राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती; १९४८पर्यंत एका गावात दोन दरबार नांदले. असल्या गावात वाढलेल्या माणसाला युंग समजावून सांगावा लागत नाही.

"चल," मी भाच्याला म्हटलं. "उद्या भूतडी अमावास्या. तुझा खेळ नेमावरला खराखुरा चालतो, तो दाखवतो."

भूतडी अमावास्या म्हणजे आपली फाल्गुनातली, पाडव्याच्या आदली. इकडच्या पंचांगात ती चैत्रात पडते. चापडा, कन्नोद, खातेगाव करत बसनं नेमावर गाठलं तेव्हा दिवस मावळला होता. नर्मदेचा हा उत्तर काठ, समोर हंडिया. हंडियात अकबराच्या दरबारातल्या मुल्ला दोप्याजाची कबर आहे असं सांगतात, पण त्या रात्री विनोदी माणसाकडं जायला कुणाला सवड नव्हती. घाट माणसांनी भरलेला. ढोल, थाळ्यांचा गजर, लिंबं, उदबत्त्या, जागोजाग कोंडाळी आणि प्रत्येक कोंडाळ्यात एक पडियार. पडियार म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो. समोर केस मोकळे सोडून घुमणारी बाई नाहीतर बाप्या असतो, आणि पडियार विचारत असतो: कोण तू? कुठून आलीस? काय हवंय?

भाच्यानं मोबाइल बाहेर काढला होता तो खिशात ठेवला. आमच्या पुढ्यातली बाई चाळिशीची असेल. बराच वेळ नुसती हुंकारत होती. पडियारनं तिसऱ्यांदा विचारल्यावर तिच्या आतलं जे काही होतं ते जाड्या आवाजात म्हणालं, "चौदह साल हो गए, इस घर में किसी ने पूछा नहीं कि तूने खाया क्या." कोंडाळं गप्प झालं. नवरा शेजारीच बसलेला. त्यानं आधी आपल्या आईकडं पाहिलं, मग जमिनीकडं. पडियारनं लिंबू कापलं, नवऱ्याला पाण्यात उभं केलं आणि रोज विचारीन असं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

"मामा, ही शॅडो आहे," भाचा हळूच म्हणाला. "फक्त हिला कुणी 'तू नाहीस' म्हटलं नाही."

घाटावरच्या सगळ्यांचंच असं लिंबावारी भागत नाही. पलीकडं एका तापानं फणफणलेल्या पोराला पाण्यात बुडवत होते. त्याची जागा दवाखान्यात होती आणि ते मी त्याच्या बापाला सांगितलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की आता मलाच लिंबू लागणार. एवढं मात्र खरं की खेळातल्या पोराला आतला इसम बाहेर काढायला मुखवटा ओरबाडून फेकावा लागतो, आणि आपल्याकडं सगळं उलटं. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात माणूस जड लाकडी मुखवटा चढवतो तेव्हा कुठं त्याच्यातला देव नाचायला लागतो. घाटावरच्या त्या बाईलाही जे बोलायचं होतं ते भुताचा चेहरा लावल्यावरच बोलता आलं. स्वतःच्या तोंडानं बोलली असती तर सासूनं पहिल्याच वाक्याला गप्प केलं असतं.

"तुझ्या आत कोण असेल रे मामा?" पहाटे गारठ्यात चहा पिताना भाच्यानं विचारलं.

मी थोडा विचार केला आणि विनयानं महादजी शिंद्यांचं नाव सुचवलं. त्यानं लगेच मामीला फोन लावला. पलीकडून विचार न करता उत्तर आलं, "त्यांच्या आत कारकून आहे. सुट्टे मोजतो." मी म्हटलं, तो मी नव्हेच. भाचा माझ्याकडं असा पाहू लागला की आता मी फुगणार.

उजाडल्यावर सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. परमारांच्या काळातलं देऊळ, बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची दाटी. कौरवांनी हे एका रात्रीत पूर्वाभिमुख बांधलं, पांडवांचं टेकडीवरचं अपुरं राहिलं, म्हणून चिडून भीमानं हेच उचलून पश्चिमेला फिरवलं अशी गावातली कथा. टेकडीवरचं अपुरं देऊळ अजून आहे. भाचा म्हणाला, "चीट कोड." पुजाऱ्याला तो शब्द संस्कृत वाटला असावा, त्यानं मान डोलावली.

नेमावर हे नर्मदेचं नाभिस्थान. १३१२ किलोमीटरच्या नदीची बेंबी इथं, पात्राच्या मध्यात. आम्ही नावेतून जाऊन आलो. परिक्रमावासी मात्र तिथं जाऊ शकत नाहीत, कारण परिक्रमेत पात्र ओलांडायचं नसतं, मैया कायम उजव्या हाताला. काठावर मराठी बोलणारे काही परिक्रमावासी भेटले. भाच्यानं त्यांना नियम विचारले. नदी ओलांडली की? परिक्रमा खंडित. मग कुठून सुरू? पहिल्यापासून. मधे कुठं सेव्ह करता येत नाही? नाही. आणि वेळ किती लागतो? रीतीनं केली तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. पाचवा पर्सोना शंभर तासांत संपवल्याचा तोरा काल रात्रीपर्यंत होता, तो तिथं उतरला.

त्यांच्याच मागोमाग आम्ही एका आश्रमात जेवायला गेलो. नर्मदाकाठी आल्यागेल्याला नाव, गाव, हुद्दा कुणी विचारत नाही. परिक्रमेत निघालेला कलेक्टर असो की हमाल, त्याला 'मूर्ती' म्हणूनच मोजतात. भाच्याच्या पाठीवरची सॅक बघून सेवेकऱ्याला आम्हीही परिक्रमेतलेच वाटलो. त्यानं वही उघडली आणि विचारलं, "कितनी मूर्ति?"

"बारह," भाचा म्हणाला. रात्रभराच्या जागरणात बिचाऱ्याला आपण कुठं आहोत याचं भान नव्हतं.

"दो! दो!" मी ओरडलो. एवढ्या जोरानं की ओळीत बसलेल्या माताराम दचकल्या. बारा माणसांची पानं, बाराचं वरण, आणि मग आश्रमाला द्यायची बाराजणांची दक्षिणा, हा सगळा हिशेब माझ्या डोक्यात क्षणात होऊन गेला होता.

"आला मामा," भाचा म्हणाला. "कारकून आला. आता कबूल कर."

मी आजूबाजूला पाहिलं, ओळखीचं कुणी नव्हतं. म्हटलं, "हो. मीच तो."

सेवेकऱ्यानं वहीत दोन लिहिलं. भाच्यानं नऊ टिक्कडं खाल्ली. दानपेटीत मी दोन मूर्तींचेच पैसे टाकले.