नवरा नोव्हेंबरात जातो कुठे?

कुणाला बोलू नका, पण अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, आयोवा या बाजूला गावंच्या गावं एका लफड्यात अडकली आहेत, आणि लाज म्हणून कुणाला नाही. चांगला बायकापोरांचा बाप्या रात्री दोनला जागा होतो, उशीखालून फोन काढतो, पाठ फिरवून फोटो बघतो आणि स्वतःशीच हसतो. बायकोनं विचारलं की कोण आहे, तर लपवतही नाही मेला. म्हणतो, “तोच. आज पुन्हा ओढ्याकाठी आला होता.”

तो म्हणजे हरीण. पांढऱ्या शेपटीचं, ज्याला तिकडे व्हाइटटेल म्हणतात ते. नर, पाच-सहा वर्षांचा, भरल्या शिंगांचा. त्याला लाडाचं नावही ठेवलेलं असतं. शिंगाचं एखादं टोक खेकड्याच्या नांगीसारखं दिसलं की झाला तो ‘क्रॅब क्लॉ’. हे फोटो येतात ते रानात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातून. समोर काही हललं की तो अंधारातही टिपतो आणि तिथल्या तिथे फोनवर पाठवतो. एकेकाचे दहा-दहा कॅमेरे! एवढी पाळत तर सासूनंही नव्या सुनेवर ठेवली नसेल. शेवटी ॲरिझोना राज्याला 2022 पासून शिकारीसाठी हे कॅमेरे लावायलाच बंदी घालावी लागली. सरकारनं मध्ये पडावं इतकं डोकावणं, बघा म्हणजे.

बरं, बंदूक घेऊन गेला, ठो केलं आणि आला, असलं सरळ काम असतं तर मी तोंड उघडलं नसतं. तसे बंदुकीवालेही आहेत, आणि भरपूर आहेत. पेनसिल्व्हेनियात बंदुकीच्या शिकारीचा पहिला दिवस वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी यायचा, आणि कित्येक शाळा त्या दिवशी चक्क सुट्टी द्यायच्या. विस्कॉन्सिनात बंदुकीच्या हंगामात मागे राहिलेल्या बायकांना ‘डीअर विडो’ म्हणतात. नवरा हयात, हिंडताफिरता, आणि म्हणे विधवा! दुकानदार त्यांच्यासाठी खास सेल लावतात. पण धनुष्यवाल्यांची तऱ्हा आणखी पुढची. बंदुकीनं दोनशे यार्डांवरून जमतं, यांना हरीण वीस यार्डांवर हवं. म्हणजे वासावर जगणाऱ्या प्राण्याच्या नाकाखाली जाऊन बसायचं आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

इथून जे सोवळं सुरू होतं ते ऐका. अंघोळीचा साबण बिनवासाचा, शाम्पू बिनवासाचा. शिकारीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, कारण नेहमीच्या पावडरीत कपडा उजळ दिसावा म्हणून जे घातलेलं असतं ते हरणाच्या डोळ्यांना चमकतं. त्याला केशरी आपल्यासारखा भडक दिसत नाही, निळ्याच्या बाजूचं मात्र चांगलं दिसतं. कपडे धुऊन बाहेर वाळवायचे, मग झाकणाच्या डब्यात सुक्या पानांवर ठेवायचे आणि रानात पोचल्यावरच अंगात घालायचे. ओल्या मातीच्या वासाच्या वड्या विकत मिळतात, त्या डब्यात टाकायच्या. काही जण तर म्हणे आठवडाभर लसूणही सोडतात. विस्कॉन्सिनात धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो; म्हणजे आपल्याकडे आजी चातुर्मास पाळते, त्याच दिवसांत तिकडे हा गडी कांदालसूण टाळून झाडावर बसलेला असतो. पुण्य कुणाच्या खात्यात जमा होतं ते चित्रगुप्ताला विचारा.

आणि एवढं अंग निर्गंध करून झाल्यावर लावतो काय? कानात सांगते. फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी, एक इवलीशी बाटली असते. तिच्यात माजावर आलेल्या हरिणीचं मूत्र. विकत आणलेलं! कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून तो फांदीला टांगायचा. नोव्हेंबरात दिवस लहान झाले की माद्या माजावर येऊ लागतात. एकेक मादी जेमतेम दिवसभरच माजावर असते, म्हणून वर्षभर सावध असलेला नर त्या दोनतीन आठवड्यांत खाणंपिणं विसरून भर दुपारी उघड्यावर पळत सुटतो. शिकारी नेमका हाच मुहूर्त धरतो. दोन शिंगं एकमेकांवर आपटून दोन नरांचं भांडण चालल्याचा आवाज काढतो, नळीतून नरासारखा हुंकार काढतो. आपल्या महाभारतात पंडूराजानं रतिक्रीडेत असलेल्या हरणांच्या जोडीवर बाण सोडला. ते निघाले किंदम ऋषी, आणि राजाचा संसारच बुडाला. तिकडे हेच काम करायला सरकार परवाना देतं, आणि त्यासाठी माणसं ऑफिसातली सगळी रजा साठवून ठेवतात! बाटलीवर मात्र आता संक्रांत आली आहे. हरणांना मेंदूचा एक असाध्य रोग होतो. तो विस्कॉन्सिनच्या रानात 2002 मध्ये सापडला, आणि मूत्रातूनही पसरू शकतो. म्हणून व्हर्जिनियासारख्या काही राज्यांनी खऱ्या मुताला बंदी घातली. नकली चालतं.

आता झाडावरचं बघा. पंधरा-वीस फुटांवर बुंध्याला एक लोखंडी पाट बांधलेला, कमरेला आणि खांद्यांना पट्टे आवळलेले. या छंदात माणूस जायबंदी होतो तो बहुधा वरून पडूनच, म्हणून पट्टे. पहाटे अंधारात चढायचं आणि गारठ्यात न खोकता, न खाजवता बसायचं. घरी जो माणूस भाजी चिरून होईपर्यंत एका जागी टिकत नाही, तो इथे समाधी लावतो. हातातलं धनुष्यही रामायणातलं नव्हे. मिसूरीच्या होलिस विल्बर ॲलननं 1969 मध्ये पेटंट मिळवलेलं, कप्प्यांचं. सत्तर पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणलं की कप्पी फिरते आणि हातावर भार उरतो चौदा-पंधरा पौंडांचा. नेम धरून बसायला सवड मिळते. तरी ते जनावर वस्ताद! बाण सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो आणि आवाज अकराशे. दोरीचा टणत्कार बाणाच्या आधी पोचतो, हरीण उडी घेण्यासाठी क्षणभर खाली दबतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो. वर्षभराचं प्रेमप्रकरण, आणि ती बया (चुकले, तो बाबा) पांढरी शेपटी झेंड्यासारखी उभारून पसार.

लागला बाण, तरी आनंदीआनंद नाही. खाली उतरायचं नाही. निदान अर्धा तास थांबायचं. मग बाण शोधायचा आणि हुंगायचा! रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, काम झालं. काळपट लाल असेल तर यकृत, आणखी काही तास थांबा. बाणाला हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर आतडी, आणि मग घरी जा, रात्र काढा, सकाळी या. कारण घाई केली तर जखमी जनावर उठून मैलभर जातं. मग तो थोराड माणूस टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगत पालापाचोळ्यातले थेंब शोधतो, आणि जिथे थेंब सापडेल तिथे काय ठेवतो? टॉयलेट पेपरचा तुकडा. मागे वळून बघितलं की पांढऱ्या ठिपक्यांवरून जनावर कोणत्या दिशेला गेलं ते कळतं. कधी कधी ठिपके मध्येच संपतात. हरीण सापडत नाही. गावगप्पांत ही मंडळी सगळं मिटक्या मारत सांगतात, पण या एका गोष्टीशी आवाज खाली जातो. मला विचाराल तर बोंब मारायची असेल तर इथे मारा. मुताची बाटली आणि रात्रीचे फोटो हे सगळं हसण्यावारी न्या, पण चुकीच्या बाणानं रात्रभर तडफडणारं जनावर हसण्यावारी नेता येत नाही. बरे शिकारी म्हणूनच समोर आलेल्या बहुतेक हरणांवर बाण सोडतच नाहीत. कोन नीट नाही, फांदी मध्ये आहे, वय लहान आहे. ताणलेली दोरी हळूच परत आणतात.

सापडलं की मग शिंगांची मोजणी. बारीक पोलादी टेपनं, इंचाच्या आठव्या भागापर्यंत, आणि तीही लगेच नाही. अधिकृत माप साठ दिवस सुकवल्यावरच. डाव्या-उजव्या शिंगांत फरक निघाला की तेवढे गुण वजा. पोप अँड यंग नावाचा क्लब आहे, 1961 मधला, फक्त धनुष्यवाल्यांचा. तिथे नोंद व्हायला नेहमीच्या घडणीच्या शिंगांना किमान 125 इंच लागतात. इलिनॉयमधल्या पिओरिया काउंटीत मेल जॉन्सननं 1965 मध्ये सोयाबीनच्या शेताच्या कडेला, झाडावर न चढता जमिनीवरूनच जो नर टिपला, तो भरला 204 इंच आणि वर चार आठवे भाग. साठेक वर्षं झाली, अजून त्या नराचं नाव घेताना माणसं टोपीला हात लावतात. रामायणात बाईनं हरीण मागितलं होतं. तिकडची बाई म्हणते, पुरे, भिंतीवर जागा उरली नाही.

या सगळ्याचं खापर कुणावर फोडायचं म्हणाल, तर एका डॉक्टरवर फोडा. कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, 1911 मध्ये जंगलातून बाहेर आला. त्याच्या लोकांची गोऱ्यांनी कत्तल केली होती, आणि त्याला ठेवलं होतं विद्यापीठाच्या संग्रहालयात. शेजारच्या इस्पितळातला सर्जन सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकला. इशी 1916 मध्ये गेला. पोपनं 1923 मध्ये पुस्तक लिहिलं आणि साथ पसरली. विस्कॉन्सिननं 1934 मध्ये धनुष्याचा वेगळा हंगाम दिला. ज्याला तिकडे निसर्गरक्षणाचा ऋषी मानतात, तो आल्डो लिओपोल्डही यातलाच. स्वतःची धनुष्यं स्वतः घडवायचा. आणि त्याची बायको एस्टेला? ती हातावर हात धरून विधवा बनून बसली नाही, तिरंदाजीत राज्याची विजेती झाली. बायांनो, हे खरं उत्तर.

सगळ्यात मोठा निर्लज्जपणा तर पुढेच आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर बाजारात मांसकातडं विकून विकून तिथली ही हरणं तीन ते पाच लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. याला बरीच कारणं आहेत. बाजारासाठीची शिकार बंद झाली, लांडगे संपले, शेतं आणि उपनगरं वाढली. पण पैशाचा एक मोठा वाटा शिकाऱ्यांच्या खिशातून येतो. 1937 च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, 1972 मध्ये त्यात धनुष्यबाणही आले, 11 टक्के, आणि तो पैसा राज्यांना जातो. म्हणजे ज्याच्या मागे लागायचं, त्याच्या पोटापाण्याची सोयही आपणच करायची. त्याच 1972 साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. चितळाकडे बाण रोखलात तर इथे तुरुंगाची हवा.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पान उलटू नका, कारण आता हे आपल्या लोकांच्या परसदारी आलं आहे. न्यू जर्सीत मराठी घरं गल्लोगल्ली, आणि तिथे हरणंही तशीच. ट्यूलिप खातात, होस्टाचा ताटवा एका रात्रीत फस्त करतात आणि हायवेवर गाडीसमोर उभी राहतात. बंदूक वस्तीजवळ चालवता येत नाही, घरापासून 450 फूट लांब राहावं लागतं. धनुष्याला मात्र 2010 पासून 150 फूट पुरतात. काही भागांत तर आधी मादी मारून दाखवा, मगच नर, असा नियम आहे, कारण संख्या माद्यांनी वाढते. तेव्हा सकाळी चहाचा कप घेऊन डेकवर यावं तर मागच्या ओकवर कुणीतरी पानांच्या नक्षीचे कपडे घालून बसलेला. नमस्कार करावा की पोलिसांना फोन, कळत नाही.

रानातलं हे मांस विकायला कायद्यानं बंदी, त्यामुळे ते फक्त ओळखीवर मिळतं. शेजारी दारात पांढऱ्या कागदाचं पुडकं ठेवून जातो. चरबी जवळजवळ नाही, चुकीचं शिजवलं तर चपलेचा तळ. एका मराठी घरात त्याचा मालवणी मसाल्यातला खिमा झाला, सढळ तेल घालून, आणि पाहुण्यांनी दोनदा वाढून घेतला. त्या घरचा जावई हल्ली शनिवारी पहाटे चारला कुठेतरी जातो, आणि न्हाणीघरात बिनवासाच्या साबणाची वडी दिसते. बायकोला विचारलं खिम्यात काय होतं, तर म्हणाली, “मटणच. का गं?”