आकड्यांची पाटी वेगळी टांगा

जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, वडीगोद्रीच्या आसपास, ऊस कारखान्याला जातो तो ठरलेल्या वाटेनं. लागणीची नोंद, तोडीचा क्रम, काटा, पावती आणि चौदा दिवसांत पैसे. चौदा दिवसांची अट 1966च्या ऊस नियंत्रण आदेशातली. ती आजही तशीच आहे.

बदलतात ते आकडे. 2024-25च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला 340 रुपये होती, 2025-26ला 355. ती ज्या साखर उताऱ्यावर मोजायची तो पायाही सरकत गेला. आधी 9.5 टक्के, 2018-19पासून 10, 2022-23पासून 10.25. पायाच्या वरच्या उताऱ्याला जादा पैसे मिळतात. म्हणजे पाया वर गेला की तोच ऊस, तोच उतारा, पण जादाचा हिस्सा आटला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा मोठा बदल, आणि त्यासाठी काट्यावरची एकही कृती बदलावी लागली नाही.

1966च्या आदेशाची रचनाच तशी आहे. पैसे कधी द्यायचे ते आदेशात. दर मात्र केंद्र सरकार दर हंगामाला वेगळा जाहीर करतं. जीएसटीचंही असंच. 22 सप्टेंबर 2025पासून कितीतरी वस्तूंचे दर बदलले ते अधिसूचनेनं. बिल बनवायची रीत होती तीच राहिली. संगणकाच्या जगातही प्रक्रियेचा आराखडा आणि निर्णयाचे नियम वेगवेगळे लिहायचं मानक 2015पासून आहे.

राज्य सरकारनं मात्र 21 फेब्रुवारी 2022ला या दोन गोष्टींची सरमिसळ केली. प्रश्न आकड्याचा होता: उतारा गेल्या हंगामाचा धरायचा की चालू? उत्तर म्हणून पैसे देण्याची रीतच फोडली. पुणे-नाशिक विभागांत 10 टक्के आणि आपल्याकडे मराठवाड्यात 9.5 टक्के उतारा धरून पहिला हप्ता, उरलेले हंगाम संपल्यावर. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. एकरकमी पैशांवर पेरणी, लग्न, सोसायटीचं कर्ज ठरवणाऱ्या माणसाला मधल्या वर्षांची भरपाई कोण देणार?

आकडे वेगळे ठेवले की ते गुपचूप बदलणंही सोपं होतं, हा धोका खरा आहे. म्हणूनच नुसते वेगळे ठेवून भागत नाही. प्रत्येक आकड्यापुढे तो कधीपासून लागू, कोणत्या आदेशानं, हे हवं, आणि जुना आकडा खोडायचा नाही. दोन वर्षांनी तक्रार आली तर त्या दिवशी कोणता नियम चालू होता हे कुणालाही पाहता आलं पाहिजे.

पुण्याच्या साखर आयुक्तालयानं राज्यातल्या सगळ्या कारखान्यांसाठी नोंदीपासून बिलापर्यंतची एकच रीत ठरवावी आणि तिला हात लावू नये. दर, पायाभूत उतारा, तोडणी-वाहतुकीची कपात यांचा तक्ता हंगामागणिक वेगळा काढावा. तो गाळप सुरू व्हायच्या आधी प्रत्येक काट्यावर आणि ग्रामपंचायतीत लागावा. आणि उसाच्या बिलावर चार गोष्टी छापाव्यात: धरलेला उतारा, लावलेला दर, केलेली कपात आणि त्या आकड्यांच्या आदेशाची तारीख. पुढच्या हंगामाच्या पहिल्या बिलापासून.