जर्मेनियमच्या नावाखाली काहीही विकणाऱ्यास

महाशय,

तुमचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्यासारखे बरेच आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाने हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं. तुम्ही माझ्या भाचीला ‘एनकेटी २७५, अस्सल जर्मेनियम, तपासलेली जोडी’ असं लिहिलेलं पाकीट विकलंत. आत दोन ट्रान्झिस्टर होते. एक बाद झालेला, दुसरा जर्मेनियमचाच नव्हता. तिने तक्रार केली तेव्हा तुम्ही वर तोंड करून तिला ऐकवलंत, ‘फझ पेडल आहे ताई, आवाज फाटकाच येणार.’

त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

फाटका आवाज म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगतो. १९६१ साली गाजलेलं मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं नॅशव्हिलमध्ये मुद्रित होत होतं. मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडलेला होता आणि त्यातून ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज चिरफाळून बाहेर पडला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांनी उचलून धरला. त्यानंतर ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रण अभियंत्याने तोच आवाज मुद्दाम काढता येईल असं ट्रान्झिस्टरचं सर्किट बसवलं. गिब्सनने ते १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो एफझेड-१’ म्हणून बाजारात आणलं, आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ते जगाच्या कानावर घातलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये आयव्हर आर्बिटरच्या कंपनीने ‘फझ फेस’ काढला. माइक स्टँडच्या गोल बैठकीवरून सुचलेल्या त्या डब्यावर जिमी हेंड्रिक्सने पाय ठेवला, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे सुरुवात बिघाडातून झाली हे खरं. पण त्यानंतर जी अक्कल खर्च झाली ती तो आवाज हवा तेव्हा, हवा तितका आणि दर वेळी तसाच यावा म्हणून. चांगला जर्मेनियम फझ गिटारचा व्हॉल्यूम थोडा मागे घेतला की जवळजवळ स्वच्छ बोलतो आणि पुढे केला की गरजतो. वाजवणाऱ्याचा हात त्यातून ऐकू येतो. तुमच्या मालातून तार जोरात छेडली तर एक ठसका यायचा आणि पुढे सगळं बंद. हळू छेडली तर तोही नाही. हा माल निकामी होता. त्याला फझ म्हणू नका.

तुम्ही त्या मुलीचं काय केलंत तेही ऐका. ती अकरावीत आहे. गिटारसाठी पेडल विकत घ्यायचं नाही, स्वतः बांधायचं, असं तिने ठरवलं आणि फझ फेसचंच सर्किट निवडलं. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट, एवढाच कारभार. पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात धरणाऱ्याने यापासूनच सुरुवात करावी असं मीही सांगतो. तिने जोडणी पूर्ण केली, बॅटरी लावली, आणि तो ठसका ऐकू आला.

मग तिने शोधायला सुरुवात केली, आणि क्रमाने केली. फुटस्विच बंद असताना गिटार नीट ऐकू येत होती, म्हणजे जॅक आणि केबल ठीक. मल्टीमीटर बझरवर ठेवून व्हेरोबोर्डचा प्रत्येक पट्टा तपासला, शेजारच्या पट्ट्याला कुठे चिकटलाय का पाहिलं. हे पीएनपी ट्रान्झिस्टर, त्यामुळे बॅटरीचं धन टोक जमिनीला. त्या हिशेबाने कपॅसिटरची टोकं पुन्हा पाहिली. सगळं बरोबर होतं. मग व्होल्टेज मोजले. वजा चिन्ह सोडून देऊ. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार यायला हवेत, म्हणजे बॅटरीच्या निम्मे. बॅटरी होती ९.३ आणि कलेक्टरवरही जवळपास तेवढेच. दुसरा ट्रान्झिस्टर झोपलेलाच होता.

इथपर्यंत पोचल्यावर माणूस स्वतःवर संशय घेतो. पाकिटावर ‘तपासलेली जोडी’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे चूक आपलीच असणार. तिने एकेक जोड पुन्हा तापवला, पुन्हा, पुन्हा, आणि शेवटी बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडून हातात आला. ‘मामा, मला हे जमणार नाही,’ असं म्हणून तिने सगळं खोक्यात भरून माझ्याकडे आणून ठेवलं. तिची सोल्डरिंग मी भिंगाखाली पाहिली. प्रत्येक जोड चकचकीत, भरलेला, कडा नीट बसलेल्या. त्या पोरीच्या हातात कसब होतं, आणि तुम्ही तिला ते नाही असं पटवून दिलंत. पैसे तर तुम्ही खाल्लेच. पण याची भरपाई कुठल्या पावतीवर लिहून देणार आहात?

जर्मेनियम तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. आर. जी. कीन या अमेरिकी जाणकाराची पद्धत वर्षानुवर्षं सगळे वापरतात. नऊ व्होल्टची बॅटरी, २.२ मेगओहमचा एक रेझिस्टर, सुमारे २.४७ किलोओहमचा दुसरा. बेस मोकळा ठेवून कलेक्टरच्या रेझिस्टरवरचे व्होल्ट वाचायचे, ती गळती. मग २.२ मेगओहम बेसला जोडायचा, त्यातून सुमारे चार मायक्रोअँपिअर जातात. नवा आकडा वजा गळती, गुणिले शंभर: हा खरा गेन. बोटाच्या उबेनेही आकडा चढतो, म्हणून ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवून तो स्थिर होईपर्यंत थांबायचं.

तुमचा पहिला ट्रान्झिस्टर लावला. बेस मोकळा असताना ०.८७ व्होल्ट. बेस जोडल्यावर १.१० व्होल्ट. तुमच्या पाकिटावर गेन लिहिला होता ११०. खरा गेन तेवीस! तुम्ही तो ट्रान्झिस्टर साध्या मीटरच्या भोकात खोचलात, आणि ते मीटर गळतीही गेनमध्येच धरतं. हे माप म्हणजे काट्यावर अंगठा दाबून केलेलं वजन आहे. ०.८७ व्होल्ट म्हणजे साडेतीनशे मायक्रोअँपिअर गळती. फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ किलोओहमचा रेझिस्टर असतो. नऊ व्होल्टवर त्यातून जास्तीत जास्त पावणेतीनशेच्या आसपास जाऊ शकतात. म्हणजे गिटारचा एक सूर आत येण्याआधीच तुमच्या मालाने सगळा प्रवाह पिऊन टाकलेला. दुसरा जागा होणार कसा? सर्किट बांधणाऱ्याने काहीही केलं असतं तरी ते चाललं नसतं.

आणि तो दुसरा. गळती शून्य, तीही पुण्यातल्या मे महिन्यात. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, तेव्हा या दिवसांत शून्य गळतीचा जर्मेनियम शोधून सापडणार नाही. डायोड रेंजवर बेस-एमिटर मोजलं: ०.६६ व्होल्ट. जर्मेनियमला तिथे ०.२ ते ०.३ येतात. पत्र्याच्या टोपीवर अक्षरं जुन्या वळणाची, शाई मात्र ताजी, आणि त्याखाली घासून काढलेल्या आधीच्या क्रमांकाच्या रेघा भिंगातून स्पष्ट दिसत होत्या. क्रमांक घासायला कोणाला तरी बसवलंत, नवा छापायला शिक्का बनवून घेतलात. एवढे कष्ट खोटेपणासाठी घेतलेत, आणि खरं मोजायला दोन रेझिस्टर जोडवले नाहीत.

सिलिकॉन वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. आर्बिटरनेच पुढे फझ फेसमध्ये बीसी १०८ घातले, आणि तो आवाज आवडणारे आजही पुष्कळ आहेत: जास्त धारदार, जास्त आक्रमक, उन्हाने न बदलणारा. सिलिकॉन ट्रान्झिस्टर दहा-वीस रुपयांत मिळतो. सिलिकॉन म्हणून विका, मी स्वतः विद्यार्थ्यांना तुमच्याकडे पाठवीन. तुम्ही त्याच्यावर एनकेटी २७५ असा क्रमांक मारून कित्येक पट पैसे घेता, आणि घेता ते नेमके अशा मुलांकडून ज्यांना अजून तपासता येत नाही. ज्याला येतं तो तुमच्याकडे फिरकत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुमचा धंदा नवशिक्यांवरच चालतो. मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो.

तिच्या पेडलचं काय झालं ते सांगतो. पेठेतल्या एका जुन्या रेडिओ कारागिराच्या खणात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी १२८ निघाले, मोडीत काढलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या आउटपुटमधले. त्याने काचेच्या बाटलीतून मूठभर ओतले आणि म्हणाला, ‘मोजून घे, पोरी, सगळे चांगले नसतात.’ तुमच्या पाकिटावर छापायला हवं होतं ते एवढंच. तिने सगळे मोजले. गळती शंभर मायक्रोअँपिअरच्या आत असलेले दोन निवडले, एक सत्तरच्या गेनचा, एक एकशेवीसच्या जवळचा. उखडलेल्या पट्ट्याच्या जागी तारेचा तुकडा टाकला, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला असलेल्या ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी छोटा ट्रिमर बसवून कलेक्टर साडेचारवर आणला. तार छेडली, तसा सूर लांबत गेला आणि न तुटता विरला.

आता माझं मागणं. प्रत्येक जर्मेनियमच्या पाकिटावर गेनच्या शेजारी गळती लिहा, आणि किती तापमानाला मोजली तेही. क्रमांक घासलेला माल बाजारातून काढून घ्या. ज्यांनी तक्रार केली त्यांचे पैसे परत करा, आणि ‘आवाज फाटकाच येणार’ म्हणून ज्यांना वाटेला लावलंत त्यांना कळवा की दोष तुमच्या मालात होता, त्यांच्या हातात नव्हता. भाचीला तर ते लेखीच हवं आहे. तिचे मोजणीचे आकडे, भिंगाखालचे फोटो आणि तुमचं पाकीट आम्ही जपून ठेवलं आहे. कोणी विचारलं तर दाखवतो. आता ती टोन बेंडर हे दुसरं फझ पेडल बांधायला घेते आहे. त्याला तीन जर्मेनियम लागतात. बाटलीत अजून बरेच उरलेत.

कळावे.

वाद्यांचं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा एक मामा,
पुणे